पॉझिट्रॉनचा वाटा १०४ टक्के कसा आला? गॅमा मोजून बीटा क्षय समजून घेताना

प्रश्न इंदूरच्याच एका एम.एस्सी. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: "प्रकल्पाचं नाव हलक्या किरणोत्सारी केंद्रकांचा बीटा क्षय, पण डिटेक्टर मिळालाय गॅमाचा. सोडियम-२२ चा सोर्स दोन इंची सोडियम आयोडाइड स्फटिकाच्या तोंडापासून २ सेंटिमीटरवर ठेवला. ५११ आणि १२७५ केईव्हीच्या पीकखालचे काउंट काढले, मॅन्युअलमधल्या आलेखावरून एफिशियन्सीची (सुटलेल्या गॅमांपैकी किती पीकमध्ये नोंदले जातात त्याची) दुरुस्ती केली, तर पॉझिट्रॉन क्षयाचा वाटा १०४ टक्के आला. पुस्तकात ९० आहे. सर म्हणतात, एरर म्हणून लिहून टाक. मुळात बीटा न मोजता बीटाचा अभ्यास होतो कसा? आणि इंदुरात राहून यात पुढे काही करता येईल का?"

मी बरीच वर्षं गॅमा डिटेक्टरांच्या संगतीत काढली आहेत आणि हाच सोर्स, हाच डिटेक्टर घेऊन मुलांकडून हाच प्रयोग करून घेतला आहे. तुमचे १०४ टक्के मला अजिबात खटकले नाहीत. उलट ९० आले असते तर मी जास्त चौकशी केली असती. एरर म्हणून मात्र लिहू नका. त्या जादा चौदा टक्क्यांमागे ठोस कारण आहे आणि ते कागदावर मोजता येतं.

आधी मुळाचा प्रश्न. बीटा क्षयात केंद्रक इलेक्ट्रॉन किंवा त्याचा धनभारित जोडीदार पॉझिट्रॉन बाहेर टाकतं. गॅमा म्हणजे केंद्रकातून निघणारा प्रकाशकण, त्याची ऊर्जा केईव्हीत, म्हणजे हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या एककात, मोजतात. बीटा कण थेट मोजायला काय हरकत आहे? हरकत नाही, पण त्याच्या ऊर्जेवरून तो कुठून कुठे गेला हे सहजासहजी वाचता येत नाही. क्षयाची ऊर्जा इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनो (विद्युतभार नसलेला, जवळपास न सापडणारा कण) वाटून घेतात, म्हणून बीटाचा वर्णपट शून्यापासून कमाल ऊर्जेपर्यंत सलग पसरलेला असतो. चॅडविकला तो १९१४ मध्ये दिसला आणि त्याचा उलगडा करायला पाउलीला १९३० मध्ये न्यूट्रिनोची कल्पना मांडावी लागली. एका केंद्रकाच्या तीन-चार बीटा शाखा असल्या तर त्यांचे सलग पट्टे एकमेकांवर चढतात. शिवाय इलेक्ट्रॉन सोर्सच्या जाडीत आणि खिडकीत ऊर्जा गमावत बाहेर येतो. गॅमाचं तसं नाही. बीटा क्षयानंतर मुलगी केंद्रक बऱ्याचदा उत्तेजित पातळीवर उतरतं आणि तिथून ठरलेल्या ऊर्जेचा गॅमा टाकून खाली येतं. तो गॅमा कोणत्या पातळीचा, ते त्याच्या ऊर्जेवरून लगेच ओळखता येतं.

यापुढचं काम वाण्याच्या वहीसारखं आहे. प्रत्येक पातळीतून गॅमाच्या रूपाने किती बाहेर गेलं ते लिहायचं, वरच्या पातळ्यांकडून गॅमाने किती आत आलं ते वजा करायचं. जे उरतं ते बीटाने थेट आणलेलं. त्या पातळीचा हा बीटा भरणा. म्हणजे गॅमा मोजणारा माणूस बीटाच्या शाखा वजाबाकीने काढतो, आणि वजाबाकीचा जो धोका असतो तो इथेही आहे: न दिसलेली प्रत्येक गोष्ट भलत्याच खात्यात जाऊन बसते.

आता तुमचा सोडियम-२२. अर्धायुष्य २.६ वर्षं. जवळजवळ सगळे क्षय निऑन-२२ च्या १२७४.५ केईव्ही पातळीवर येतात आणि ती पातळी काही पिकोसेकंदांत रिकामी होते. तिथे पोचायच्या वाटा दोन: पॉझिट्रॉन बाहेर टाकून, किंवा अणूतलाच एक इलेक्ट्रॉन गिळून. दोन्ही वाटांनी १२७५ निघतो, ५११ मात्र फक्त पॉझिट्रॉनच्या वाटेने (तो एखाद्या इलेक्ट्रॉनला भेटून दोघे नष्ट होतात तेव्हा) आणि तेही एका पॉझिट्रॉनमागे दोन. म्हणून दुरुस्त केलेलं ५११ चं क्षेत्रफळ भागिले १२७५ चं, आणि त्याचं निम्मं, म्हणजे पॉझिट्रॉनचा वाटा. तो ०.९० च्या आसपास यायला हवा. तुमची पद्धत इथवर बरोबर आहे.

घोळ २ सेंटिमीटरमध्ये आहे. स्फटिकाची त्रिज्या २.५४ सेंटिमीटर, अंतर २, म्हणजे सोर्सच्या भोवतालच्या पूर्ण गोलाचा सुमारे १९ टक्के भाग स्फटिकाने व्यापलाय. आत शिरणाऱ्या ५११ पैकी, तिरप्या वाटा धरून, ढोबळ साठ टक्के तरी कुठेतरी आदळतात. म्हणजे सुटलेला एक ५११ डिटेक्टरला 'लागण्याची' शक्यता ११-१२ टक्के. आता एका १२७५ सोबत सरासरी १.८ एवढे ५११ निघतात. त्यांतला एखादा त्याच क्षणी स्फटिकात आला, तर डिटेक्टर दोघांची ऊर्जा एकत्र धरतो. पूर्ण शोषला गेला तर काउंट १७८५ केईव्हीला जाऊन पडतो, नुसता विखुरला तर मधे कुठेतरी. दोन्हीकडे १२७५ च्या पीकमधून तो गेलाच. ११.५ टक्के गुणिले १.८, म्हणजे पाचातला एक १२७५ तुम्ही असा गमावला आहे. ५११ चंही असंच होतं, पण त्याला सोबती एकच (दुसरा ५११ नेमका उलट दिशेला जातो, तो तुमच्या डिटेक्टरमध्ये येत नाही) आणि १२७५ स्फटिकातून आरपार जास्त जातो, म्हणून तिथलं नुकसान आठ-नऊ टक्के. भागाकार करा: ०.९१५ भागिले ०.७९३, म्हणजे १.१५. आणि ९० गुणिले १.१५ म्हणजे १०४.

आकडा इतका चपखल बसला यात थोडा योगायोग आहे. स्फटिक डब्याच्या पत्र्यामागे काही मिलिमीटर आत असतो, माझे साठ टक्केही अंदाजाचे. पण दिशा आणि आकारमान याबद्दल शंका नको. पुरावा तुमच्याच स्पेक्ट्रममध्ये आहे: १७८५ च्या आसपास बघा, एक लहान पीक नक्की असेल. सोडियम-२२ ला त्या ऊर्जेचा गॅमा नाही. ती सगळी बेरीज आहे.

मग सोर्स २० सेंटिमीटरवर न्या. तिथे स्फटिकाने व्यापलेला भाग ०.४ टक्के उरतो आणि ही बेरीज अर्ध्या टक्क्याच्या आत येते. किंमत म्हणजे काउंट जवळपास पन्नास पटीने घटतात. सोर्स नवा असेल तर तासाभरात भागेल. पण विद्यापीठांतले सोर्स बहुधा म्हातारे असतात. दहा वर्षांपूर्वी आणलेल्या सोडियम-२२ मध्ये आज चौदावा हिस्साच शिल्लक असतो, मग रात्रभर मोजणं आलं. आणि रात्रभर म्हटलं की आपल्याकडचं दुसरं दुखणं सुरू होतं: संध्याकाळी एसी बंद होतो, खोलीचं तापमान बदलतं, फोटोमल्टिप्लायरचा (स्फटिकातल्या उजेडाचा विद्युत संकेत करून वाढवणाऱ्या नळीचा) गेन सरकतो आणि पीक हळूहळू चालायला लागतं. एक टक्का सरकलं तरी १२७५ ला तेरा केईव्ही. उपाय साधा आहे, एक लांब मोजणी न करता अर्ध्या-अर्ध्या तासाच्या फायली करा आणि प्रत्येकीत पोटॅशियम-४० ची १४६१ ची रेष कुठे आहे ते पाहून मग बेरीज करा. माळव्याचा काळा बेसॉल्ट ग्रॅनाइटच्या मानाने पोटॅशियम, युरेनियम, थोरियम कमीच बाळगतो, पण भिंतींच्या विटा-सिमेंटमुळे ही रेष मिळतेच. त्याच वेळी सोर्स न ठेवता तेवढीच मोजणी घ्या, कारण ५११ बॅकग्राउंडमध्येही असतो.

हे सगळं केलं तरी दोन गोष्टी परिस्थितीवर अवलंबून राहतात, त्या मला इथून सांगता येणार नाहीत. पहिली, तुमच्या सोर्सची बांधणी. सोडियम-२२ चा पॉझिट्रॉन जास्तीत जास्त ५४६ केईव्हीचा, प्लॅस्टिकमध्ये दीड मिलिमीटरच्या आसपास तो थांबतो. चकतीची पुढची बाजू त्याहून पातळ असेल तर काही पॉझिट्रॉन बाहेर निसटतात आणि टेबलावर, भिंतीवर किंवा डिटेक्टरच्या डब्यावरच नष्ट होतात. मग ५११ सोर्सच्या जागेवरून आलेच नाहीत आणि एफिशियन्सीचा हिशेब कोसळतो, कमी की जास्त ते मांडणीवर. चकतीच्या दोन्ही बाजूंना एक-दीड मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा लावा, प्रश्न मिटतो. दुसरी गोष्ट मॅन्युअलमधला एफिशियन्सीचा आलेख. तो कोणत्या अंतराला, कोणत्या सोर्सने काढलाय हे शोधा. तो कोबाल्ट-६० वापरून त्याच २ सेंटिमीटरला काढला असता तर कोबाल्टचे ११७३ आणि १३३२ हे जोडीने येणारे गॅमाही असेच बेरजेत हरवले असते, चूक अर्धी कापली गेली असती आणि तुमचं उत्तर ९५ आलं असतं. ९५ पाहून कुणी प्रश्न विचारला नसता. एफिशियन्सीसाठी शक्यतो एकच गॅमा देणारे सोर्स घ्या: सीझियम-१३७ चा ६६२, मँगनीज-५४ चा ८३५, झिंक-६५ चा १११५. आणि कृपा करून सोडियम-२२ चे स्वतःचेच बिंदू त्या आलेखात घालू नका. जे शोधायचंय तेच गृहीत धरल्यासारखं होतं, आणि हे मी छापील मॅन्युअलमध्येही पाहिलं आहे.

आता एक गोष्ट जी प्रकल्पाला खरा अर्थ देईल. शाखेचा आकडा हा शेवट नाही. त्यावरून लॉग एफटी (क्षय मुळात किती मंद, हे सांगणारा आकडा) काढा. अर्धायुष्य भागिले शाखेचा अंश, म्हणजे त्या शाखेचं आंशिक अर्धायुष्य. त्याला एफ या गणिती घटकाने गुणून लॉग घेतला की उपलब्ध ऊर्जेचा आणि केंद्रकाच्या विद्युतभाराचा परिणाम निघून जातो. उरतं ते केंद्रकाच्या रचनेचं. सोडियम-२२ ची मूळ स्थिती ३+ (आकडा म्हणजे स्पिन, केंद्रकाची फिरकी; चिन्ह म्हणजे पॅरिटी, आरशातल्या प्रतिमेशी सममिती), निऑनची १२७५ ची पातळी २+. स्पिनचा फरक एक, पॅरिटी तीच, नियमाप्रमाणे हा 'परवानगी असलेला' क्षय. तरी लॉग एफटी ७.४ च्या आसपास येतो. आता अ‍ॅल्युमिनियम-२८ घ्या. तोही ३+, तोही सिलिकॉन-२८ च्या २+ पातळीवर जातो आणि १७७९ केईव्हीचा गॅमा देतो. तिथे लॉग एफटी ४.९. कागदावर स्पिन-पॅरिटी सारख्या, ऊर्जेचा फायदा-तोटा वजा केलेला, आणि तरीही एक क्षय दुसऱ्यापेक्षा तीनशेहून अधिक पटींनी मंद! नियम फक्त दार उघडं आहे एवढंच सांगतो. आतल्या न्यूक्लिऑनांच्या मांडणीतून येणारी पदं सोडियममध्ये एकमेकांना जवळजवळ खोडून टाकतात. प्रकल्पाच्या अहवालात हे एक पान नीट लिहिलंत तर तोंडी परीक्षेत दुसरं काही विचारणार नाहीत.

अ‍ॅल्युमिनियम-२८ कुठून आणायचं? विभागात अमेरिशियम-बेरिलियमचा न्यूट्रॉन सोर्स असेल (सगळीकडे नसतो, आणि असला तरी तो रेडिएशन सेफ्टी अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हाताळायचा नाही) तर अ‍ॅल्युमिनियमची शुद्ध पट्टी त्याच्याजवळ अर्धा तास ठेवा. संथ न्यूट्रॉनमुळे अ‍ॅल्युमिनियम-२८ होतं, अर्धायुष्य सव्वादोन मिनिटं. वेगवान न्यूट्रॉनमुळे मॅग्नेशियम-२७ होतं, साडेनऊ मिनिटं, आणि थोडं सोडियम-२४, पंधरा तास. तीन हलकी किरणोत्सारी केंद्रकं एका पट्टीत. मिनिटा-मिनिटाच्या फायली घेत गेलात की प्रत्येक पीक आपापल्या गतीने उतरताना दिसेल.

यातलं मॅग्नेशियम-२७ मला वहीच्या हिशेबासाठी सर्वांत आवडतं. गॅमा तीन: ८४४ केईव्ही शंभर क्षयांमागे सुमारे ७२, १०१४ सुमारे २८, आणि १७१ केईव्हीचा एकाहूनही कमी, ०.८. हा तिसरा १०१४ च्या पातळीवरून ८४४ च्या पातळीवर येतो. तेव्हा ८४४ च्या पातळीचा बीटा भरणा ७२ वजा ०.८, म्हणजे ७१. वरच्या पातळीतून २८ आणि ०.८ बाहेर, म्हणजे भरणा २९. बेरीज शंभर. पण थांबा, थेट तळाच्या स्थितीला गेलेले क्षय? ते गॅमा देत नाहीत, तुम्हाला दिसणारच नाहीत. बेरीज शंभर आहे हे तुम्ही मोजलेलं नाही, मानलेलं आहे. इथे ते मानायला आधार आहे: मॅग्नेशियम-२७ ची स्थिती १/२+ आणि अ‍ॅल्युमिनियम-२७ चा तळ ५/२+, स्पिनचा फरक दोन आणि पॅरिटी तीच, असा क्षय इतका मंद की हिशेबात धरायची गरज नाही. प्रत्येक केंद्रक असं सोयीचं नसतं. पोटॅशियम-४० चे ८९ टक्के क्षय गॅमाशिवाय थेट कॅल्शियम-४० च्या तळाला जातात. नुसता १४६१ मोजून बसलात तर त्या ८९ टक्क्यांचा पत्ताही लागणार नाही. तिथे बीटा मोजावाच लागतो, किंवा नमुन्यात मूळ अणू किती होते ते वेगळ्या वाटेने कळावं लागतं.

पट्टी शुद्ध असावी असं म्हटलं त्याचं कारण मँगनीज. भांड्यांच्या पत्र्यात ते मिसळलेलं असतं, न्यूट्रॉन चटकन पकडतं, आणि मँगनीज-५६ चा ८४७ चा गॅमा तुमच्या ८४४ वर चढून बसतो. सोडियम आयोडाइडला त्या ऊर्जेवर पन्नासेक केईव्ही रुंदीचं पीक मिळतं, तीन केईव्हीचा फरक तो ओळखूच शकत नाही. जर्मेनियम डिटेक्टर ओळखेल, त्याची रुंदी दोन केईव्हीच्या आसपास. जर्मेनियम नसेल तर घड्याळ वापरा: मॅग्नेशियम दीड तासात संपतं, मँगनीजचं अर्धायुष्य अडीच तासांहून जास्त. दीड तासानंतरही ८४५ ला काही उरलं असेल तर पट्टी भेसळीची.

गॅमावरून बीटा शाखा काढण्याची कला किती सूक्ष्म होऊ शकते, याचा नमुना म्हणजे कार्बन-१०. अर्धायुष्य १९.३ सेकंद. तो बोरॉन-१० च्या दोन उत्तेजित पातळ्यांवर जातो. बहुतेक ७१८ केईव्हीवर, आणि दीड टक्क्याहून किंचित कमी १७४० वर. हा दुसरा क्षय ०+ पासून ०+ कडे जातो, आणि असे क्षय दुर्बल बलाच्या मूलभूत स्थिरांकासाठी सोन्यासारखे. १७४० ची पातळी १०२२ चा गॅमा टाकून ७१८ वर येते, म्हणून १०२२ आणि ७१८ चं गुणोत्तर म्हणजेच ती शाखा. ऐकायला सोपं. पण कार्बन-१० पॉझिट्रॉन टाकतो, ५११ चा पूर येतो, आणि दोन वेगवेगळ्या क्षयांतले ५११ योगायोगाने एकाच वेळी आले की बेरीज होते १०२२. निसर्गाने खोडी काढावी तशी नेमकी तिथेच. खरा गॅमा १०२१.७, खोटा १०२२.०, जर्मेनियमलाही ते वेगळे दिसत नाहीत. मग मोजणीचा वेग मुद्दाम बदलत न्यायचा. खरी रेष वेगाच्या प्रमाणात वाढते, खोटी त्याच्या वर्गाच्या. तुमच्या १०४ टक्क्यांचा हा मोठा भाऊ आहे. फरक एवढाच की तुमची बेरीज एकाच क्षयातली, ती मोजणीचा वेग कमी करून जात नाही, अंतर वाढवूनच जाते.

मर्यादाही सांगतो. ट्रिटियम, कार्बन-१४, फॉस्फरस-३२ गॅमा देतच नाहीत, तिथे ही पद्धत आंधळी. जड केंद्रकांत वरच्या पातळ्यांची इतकी गर्दी असते की असंख्य क्षीण गॅमा सुटून जातात आणि त्यांचा भरणा चुकून खालच्या पातळ्यांच्या नावावर चढतो. १९७७ मध्ये हार्डी आणि सहकाऱ्यांनी हे एका काल्पनिक केंद्रकावर दाखवलं आणि त्याला पँडेमोनियम नाव दिलं. हलक्या केंद्रकांत पातळ्या विरळ असल्यामुळे हा त्रास कमी. तिथला त्रास वेगळा: लिथियम-११ सारखं केंद्रक क्षयानंतर इतक्या उंचीवर पोचतं की गॅमाऐवजी न्यूट्रॉनच उडवतं. तरी गॅमावाले तिथेही हरले नाहीत. न्यूट्रॉन उडाल्यावर बेरिलियम-१० ला धक्का बसतो, चालत्या केंद्रकाने टाकलेल्या गॅमाचं पीक डॉप्लर परिणामाने रुंद होतं, आणि त्या रुंदीवरून न्यूट्रॉनची ऊर्जा वाचता येते. कॅनडातल्या ट्रायम्फ प्रयोगशाळेत हे करून दाखवलं आहे.

इंदुरात राहून काय? बरेच जण इंडस-२ कडे बोट दाखवतात. इंदूरच्याच राजा रामण्णा केंद्रातलं ते यंत्र अडीच जीईव्ही इलेक्ट्रॉनचं सिंक्रोट्रॉन आहे, क्ष-किरणांसाठी उत्तम, पण किरणोत्सारी केंद्रकं बनवायला नाही. खंडवा रोडवर यूजीसी-डीएई केंद्राचं मुख्यालय आहे, पण गॅमा स्पेक्ट्रोस्कोपीचं काम त्यांच्या कोलकाता शाखेकडे. प्रत्यक्ष प्रयोग दिल्लीच्या आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्रात, मुंबईच्या टीआयएफआरमधल्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या) पेलेट्रॉन त्वरकावर किंवा कोलकात्याच्या सायक्लोट्रॉनवर. जर्मेनियम क्लोव्हर डिटेक्टरांचा 'इंगा' हा राष्ट्रीय संच या तीन ठिकाणी आळीपाळीने लागत आला आहे. बीम टाइम (त्वरकावर प्रयोगासाठी मिळणारा वेळ) काही दिवसांचाच असतो, त्यानंतरचं विश्लेषण महिनोन्‌महिने, आणि ते लॅपटॉपवर इंदूरच्या रामबागेत बसूनही होतं. माझ्या ओळखीच्यांनी असंच केलंय: अवंतिका एक्स्प्रेसने मुंबईला जायचं, शिफ्टा करायच्या, डिस्क भरून परत यायचं. मात्र मार्गदर्शक असा निवडा ज्याचं नाव खरोखर बीम टाइमच्या प्रस्तावांवर असतं. नुसतं सैद्धांतिक काम करणाऱ्याकडे प्रायोगिक पीएच.डी. सुरू झाली तर दोन वर्षं फक्त वाट पाहण्यात जातात.

तोवर २, ५, १० आणि २० सेंटिमीटर अशा चार अंतरांना ५११, १२७५ आणि १७८५ ची क्षेत्रफळं घ्या आणि पॉझिट्रॉनचा वाटा अंतराविरुद्ध काढा. प्रत्येक अंतराची एफिशियन्सी त्या अंतरालाच, एकगॅमा सोर्सने. वक्र वरून उतरत नव्वदला जाऊन टेकायला हवा. २० ला तो नव्वदच्या बराच खाली गेला, तर आधी चकतीमागे अ‍ॅल्युमिनियम लावलंय का ते बघा, आणि लावलं असेल तर सोर्सवरचं लेबल वाचून मला चकतीच्या पुढच्या बाजूची जाडी कळवा.